कटरशिवाय प्लास्टिकची बेडी देऊ नका : पोलीस प्रशिक्षण आणि साहित्य खरेदी पाहणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
पोलीस प्रशिक्षण संस्थांचे प्रमुख, साहित्य खरेदी समित्यांचे सदस्य आणि बंदोबस्ताची आखणी करणारे वरिष्ठ अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

एकाच वेळी अनेकांना ताब्यात घ्यायची वेळ आली की लोखंडी हातकड्या पुरत नाहीत आणि प्लास्टिकच्या पट्ट्या बाहेर निघतात. पट्टी हलकी असते, स्वस्त असते, कमरेला दहा-बारा सहज अडकवता येतात. पण या सोयीमुळेच तिला किरकोळ साहित्य समजले जाते. हातकडीच्या तासाला शेवटची पाच-दहा मिनिटे तिच्यासाठी काढायची, एकदा बांधून दाखवायची आणि पुढच्या विषयाकडे वळायचे, असे शिकवणे अपुरे आहे. अटकेचे तंत्र शिकवणारे प्रशिक्षक आणि ताब्यातल्या व्यक्तींची वैद्यकीय तपासणी करणारे डॉक्टर, असे आम्ही मिळून हे पत्र लिहीत आहोत. आमची मुख्य मागणी एकच आहे : पट्टी आणि ती कापायचे कटर हे एकच साहित्य माना. ज्याच्याकडे कटर नाही, त्याच्या हातात पट्टी देऊ नका.

ही मागणी पट्टीच्या रचनेतूनच येते. लोखंडी हातकडीला डबल लॉक असतो. कडी मनगटावर बसली की किल्लीच्या टोकाने तो लावायचा. मग कडी आणखी आवळत नाही आणि सैलही होत नाही. पट्टीत ही सोय नसते. तिच्या कुलपाच्या ठोकळ्यात एक खटका असतो आणि पट्टीवर तिरपे दाते असतात. खटका एकाच दिशेने दाते सोडतो. एक दाता पुढे गेला की तो मागे येत नाही. माणसाने हिसडा दिला, गाडीत बसताना पट्टीचे शेपूट दारात अडकले किंवा गर्दीत कोणी ते ओढले, तर पट्टी आवळतेच. चूक झाली तर ती सुधारायला किल्ली नसते. कापणे एवढाच उपाय उरतो, आणि कटर दूरच्या गाडीत असेल तर तोही उरत नाही.

आवळलेल्या पट्टीखाली काय होते, ते प्रत्येक अंमलदाराला माहीत असायला हवे. शिरांमधला दाब धमन्यांपेक्षा कितीतरी कमी असतो. त्यामुळे पट्टी घट्ट झाली की हातातून परत जाणारे रक्त आधी अडते, येणारे मात्र येत राहते. हात सुजू लागतो. सूज आली की मनगटाचा घेर वाढतो, पण पट्टीचा घेर तेवढाच राहतो, म्हणजे दाब आणखी वाढतो आणि सूजही वाढते. कोणीही हात लावला नाही तरी बांधताना ठीक वाटलेली पट्टी वीस मिनिटांनी धोकादायक होऊ शकते. ‘बांधली तेव्हा सैल होती’ हे खुलासा म्हणून पुढे करणारा अंमलदार खरेच बोलत असेल, पण त्या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. बांधल्यावर पुन्हा पाहिले का आणि केव्हा पाहिले, हा खरा प्रश्न आहे.

दुसरा धोका मज्जातंतूंचा. अंगठ्याच्या बाजूने मनगटावरून जाणारी रेडियल नर्व्हची वरवरची शाखा कातडीच्या लगेच खाली, जवळजवळ हाडावरच असते. तिला मांसाचे आवरण नसते. पट्टी तिथे रुतली तर अंगठ्याच्या मागच्या बाजूला आणि अंगठा व तर्जनी यांच्यामधल्या जागेत मुंग्या येतात, बधिरपणा येतो, जळजळ होते. हा त्रास पट्टी काढल्यावर लगेच जाईलच असे नाही. कधी तो आठवडे, कधी महिने राहतो. म्हणून ‘हाताला मुंग्या येताहेत’ ही तक्रार कांगावा समजून टाळू नये. उलट, ज्याला तक्रार करता येत नाही त्याच्याकडे जास्त लक्ष हवे. दारू किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली असलेल्या माणसाला वेदना कमी जाणवू शकते. मधुमेहामुळे ज्याच्या हातांची संवेदना आधीच कमी झाली आहे, त्यालाही पट्टी रुतल्याचे उशिरा कळते.

आता बांधण्याबद्दल. लोखंडी कडी एका हाताने मनगटावर चढवता येते. पट्टीला बांधणाऱ्याचे दोन्ही हात लागतात. म्हणून झटापट चालू असताना पट्टी हे साधन नव्हे. आधी माणूस ताब्यात आणायचा, मग पट्टी. शक्य असेल तिथे दोघांनी काम करावे : एकाने हात धरायचे, दुसऱ्याने बांधायचे. दोन फासांच्या पट्टीचे दोन्ही फास कामावर निघण्यापूर्वीच ओवून ठेवावेत. फास एवढा मोठा असावा की मुठीसकट हात न अडकता आत जाईल. ऐनवेळी गर्दीत शेपटाचे टोक ठोकळ्यात ओवायला गेले की ते उलट्या बाजूने शिरते, दाते खटक्याला लागत नाहीत आणि पट्टी बसली असे वाटूनही सुटून येते. ओवून झाल्यावर एकेक फास हलके ओढून टकटक आवाज येतो का, ते पाहावे.

हात पाठीमागे, तळवे बाहेरच्या दिशेला, अंगठे वर. घड्याळ, कडे, बांगड्या आधी काढाव्यात आणि त्यांची नोंद करावी. बाही वर सरकवावी. बाहीवरून बांधलेली पट्टी कापड सरकले की एकदम सैल होते, आणि कापडाखाली मनगट दिसत नसल्यामुळे तपासणी नीट होत नाही. फास मनगटाच्या सर्वांत बारीक जागी यावा. करंगळीच्या बाजूला जे हाड वर आलेले असते, त्यावर तो चढू नये. मग बांधणाऱ्याने आपली तर्जनी पट्टी आणि मनगट यांच्यामध्ये ठेवावी आणि शेपूट हळू, एका लयीत ओढावे. पट्टी स्वतःच्या बोटाला लागली की थांबायचे. बोट काढले की नेमकी तेवढी फट उरते. झटका देऊन ओढण्याची सवय प्रशिक्षणातच मोडायला हवी. एका झटक्यात किती दाते गेले ते हाताला कळत नाही, आणि गेलेला एकही दाता परत येत नाही.

फट दोन्ही मनगटांवर स्वतंत्रपणे तपासावी. एका हाताची ठीक आहे म्हणून दुसऱ्याची ठीक असेलच असे नाही. सहसा दुसरा फास जास्त आवळला जातो, कारण तोवर माणूस हालचाल करू लागलेला असतो आणि बांधणारा घाईत असतो.

पट्टी लागली की पालथ्या पडलेल्या माणसाला लगेच कुशीवर वळवावे, मग बसते करावे आणि जमत असेल तर उभे करावे. यात टाळाटाळ नको. पालथे पडून, हात मागे बांधलेले असताना पाठीवर वजन आले की छाती फुगत नाही, पोट दाबले जाते आणि श्वासपटल खाली सरकू शकत नाही. झटापटीनंतर शरीराला नेहमीपेक्षा जास्त हवा हवी असते, नेमकी तेव्हाच ती कमी मिळते. जाड शरीरयष्टीच्या, दम्याच्या किंवा नशेतल्या माणसाला हा धोका अधिक. अशा स्थितीजन्य गुदमरण्याबद्दल अमेरिकेच्या न्याय विभागाने 1995 मध्येच पोलिसांसाठी इशारापत्रक काढले होते. ‘बोलतोय म्हणजे श्वास घेतोय’ हा समज पूर्ण चुकीचा आहे. चार शब्द बोलायला अगदी थोडी हवा पुरते, जगायला तेवढी पुरत नाही. ‘श्वास घेता येत नाही’ असे कोणी म्हणाले तर आधी त्याची स्थिती बदला, शहानिशा नंतर. पाठीवर किंवा मानेवर गुडघा ठेवून राहू नये. मागे बांधलेले हात आणि घोटे एकमेकांना जोडून बांधणे तर कोणत्याही परिस्थितीत नको. पट्ट्या एकमेकींत सहज ओवता येतात म्हणून हा मोह होतो, आणि म्हणूनच आदेशात त्याची मनाई स्पष्ट शब्दांत लिहिलेली असावी.

तपासणीची वेळ ठरलेली असावी. बांधल्यानंतर दोन-तीन मिनिटांनी पहिली, गाडीत बसवल्यावर दुसरी, त्यानंतर दर दहा मिनिटांनी, आणि तक्रार आली की लगेच. प्रत्येक वेळी पाहायच्या गोष्टी सोप्या आहेत. बोट फटीतून जाते का? दोन्ही हातांचा रंग सारखा आहे का, की एक निळसर किंवा फिकट पडला आहे? बोटे थंड आहेत का? नख पाच सेकंद दाबून सोडले की साधारण दोन सेकंदांत त्याचा रंग परत यायला हवा. थंडीत याला जास्त वेळ लागू शकतो, म्हणून दोन्ही हातांची तुलना करावी. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर मनगटाचा रंग बघून काही कळत नाही, नखाखालचा आणि तळव्याचा रंग पाहावा. माणसाला बोटे हलवायला सांगावे आणि अंगठा व तर्जनीमधल्या जागेला स्पर्श करून तो जाणवतो का, ते विचारावे. या सगळ्याला अर्धा मिनिट लागतो. यातले काहीही बिघडलेले दिसले तर ती पट्टी कापायची आणि गरज असेल तरच नवी लावायची. वाट पाहून आवळलेली पट्टी सैल होत नाही.

कापण्याकडे प्रशिक्षणात सर्वांत कमी लक्ष दिले जाते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर. योग्य कटरची खालची जीभ चपटी आणि बोथट असते. पाते आत झाकलेले असते, कातडीला लागत नाही. पट्टी ठोकळ्यात शिरते तिथे ती मनगटापासून किंचित उचललेली असते, म्हणून जीभ त्या फटीतून घालावी. जीभ आत सरकवताना ती कातडीला समांतर ठेवावी, वर उचलू नये. उचलली की पट्टी दुसऱ्या बाजूला मनगटात रुतते. सूज आलेल्या हातावर ही चूक फार वेदना देते. कापणार आहोत हे माणसाला आधी सांगावे, त्याचा हात कोपराजवळ धरून स्थिर करावा आणि मगच दाबावे. ताणलेली पट्टी तुटताना उडते, तिची टोके धारदार असतात. दोघांचेही चेहरे बाजूला असावेत.

चाकू वापरू नका. पट्टी सुटते त्या क्षणी जोर लावलेले पाते पुढे जाते, आणि पुढे मनगटाच्या धमन्या आणि स्नायुबंध असतात. तार कापायची पक्कडही चांगली नाही, कारण तिचा जाड जबडा आत घुसवताना आधीच घट्ट असलेली पट्टी आणखी ताणली जाते. कटर हरवले आणि जिवाची घाई असेल तर प्रथमोपचाराच्या पेटीतली बोथट टोकाची कात्री चालेल, जोर मात्र बराच लागतो. त्या व्यक्तीला पुढेही बांधून ठेवणे गरजेचे असेल तर आधी लोखंडी हातकडी लावावी, डबल लॉक करावा आणि नंतर पट्टी कापावी. हा क्रम उलटा झाला की मधल्या काही सेकंदांत झटापट होते, आणि तेव्हा बांधणाऱ्याच्या हातात उघडे कटर असते. माणूस बेशुद्ध पडला किंवा त्याची हृदयक्रिया थांबली तर बांधलेल्या हातांवर त्याला उताणे निजवून छाती दाबता येत नाही. अशा वेळी कटर जवळ असणे आणि नसणे यांतला फरक थेट जिवाशी असतो. म्हणूनच कटर गाडीत किंवा पथकप्रमुखाच्या पेटीत ठेवून भागत नाही. ते बांधणाऱ्याच्या कमरेला, दोरीने अडकवलेले आणि डाव्या-उजव्या कोणत्याही एका हाताने काढता येईल अशा जागी असावे.

सामूहिक अटकेत आणखी एक गोष्ट घडते. ज्यांना सर्वांत आधी बांधले, ते सर्वांत आधी गाडीत चढतात, सर्वांत आत बसतात आणि सर्वांत शेवटी उतरतात. म्हणजे ज्यांची पट्टी सर्वांत जुनी, त्यांचीच सर्वांत उशिरा निघते. यावर उपाय म्हणजे बांधल्याची वेळ पट्टीच्या शेपटावर न पुसणाऱ्या शाईच्या पेनाने लिहावी, सोबत बांधणाऱ्याचा बिल्ला क्रमांक लिहावा, आणि उतरवताना जुन्या वेळेच्या पट्ट्या आधी काढाव्यात. पोहोचण्याच्या ठिकाणी फक्त पट्ट्या तपासणारी आणि कापणारी एक जोडी नेमलेली असावी. नावे लिहिणे, झडती घेणे, सामान जमा करणे ही कामे त्या जोडीकडे नकोत. आमच्या मते बाहेर लावलेली पट्टी तीस मिनिटांपेक्षा जास्त राहू नये. राहिलीच तर कोणी परवानगी दिली आणि का दिली, याची लेखी नोंद हवी. पट्टी ही थोड्या वेळाची सोय आहे, कोठडीत ठेवण्याचे साधन नव्हे. सुरक्षेच्या बाजूनेही ती तेवढी भरवशाची नाही : घर्षणाने ती झिजते, खटका सरकवता येतो. म्हणून पट्टी लावलेल्या माणसाला एकटे सोडू नये, आणि गाडीच्या दांड्याला, खांबाला किंवा खुर्चीला तर कधीच बांधू नये. गाडीला आग लागली किंवा ती उलटली तर तो तिथून हलूच शकत नाही.

हात मागे असलेला माणूस पडताना स्वतःला सावरू शकत नाही. तो थेट तोंडावर पडतो. जिन्यावर, ओल्या जमिनीवर, गाडीच्या पायरीवर त्याच्या दंडाला धरून चालावे. गाडीत सीटबेल्ट लावावा, कारण ब्रेक लागला तर त्याला पुढे हात टेकवता येत नाहीत. अश्रुधूर किंवा मिरचीचा फवारा लागलेल्याला स्वतःचे डोळे पुसता येत नाहीत, ते धुण्याची जबाबदारी बांधणाऱ्याची असते.

सगळ्यांना एकाच पद्धतीने बांधता येत नाही. खांद्याची दुखापत असलेल्या, वयस्कर किंवा खूप रुंद छातीच्या व्यक्तीचे हात मागे जुळवताना खांदा निखळू शकतो. दोन पट्ट्या एकमेकींत ओवून मधले अंतर वाढवावे, नाहीतर हात पुढे बांधावेत. गरोदर स्त्रीला पालथे पाडू नये, हात मागे बांधू नयेत. कैद्यांच्या वागणुकीबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या 2015 च्या नेल्सन मंडेला नियमांनुसार प्रसूतिकळा चालू असताना, प्रसूतीच्या वेळी आणि त्यानंतर लगेच स्त्रीला कोणतेही बंधन घालता येत नाही. तेच नियम सांगतात की बंधन सौम्यात सौम्य असावे आणि गरज संपताच निघावे. मुलांच्या बाबतीत वेगळा इशारा द्यावासा वाटतो. लोखंडी कडी लहान मनगटावरून सरकून निघते, पट्टी मात्र कितीही बारीक मनगटावर बसते. बसते म्हणून लावावी, असे होऊ नये. आधी बांधण्याची गरज आहे का, हे वरिष्ठाने ठरवावे. खुणांनी बोलणाऱ्या कर्णबधिर व्यक्तीचे हात मागे बांधणे म्हणजे तिचे बोलणेच बंद करणे. तिला दुखते आहे हेसुद्धा ती सांगू शकत नाही. अशा वेळी हात पुढे ठेवावेत आणि तपासणी जास्त वेळा करावी.

खरेदी समित्यांसाठी चार गोष्टी. तारा बांधायच्या बाजारी केबल टाय या कामासाठी कधीही घेऊ नका. त्यांची रुंदी साधारण 2.5 ते 4.8 मिलिमीटर असते आणि कडा तीक्ष्ण असतात. तेवढाच जोर अरुंद पट्टीवर आला की कातडीवरचा दाब वाढतो आणि ती कापते. माणसासाठी बनवलेली पट्टी रुंद, गोलसर कडांची आणि दोन फास वेगळे ठेवणाऱ्या ठोकळ्याची असते. दुसरे, पट्टी बहुधा नायलॉन 6/6 ची असते. नायलॉनला थोडा ओलावा लागतो. कोरड्या, तापलेल्या जागी तो निघून गेला की पट्टी ठिसूळ होते आणि ओढताना ताडकन तुटते. उन्हातल्या अतिनील किरणांनीही ती खराब होते. म्हणून पट्ट्या बंद पिशवीत, अंधाऱ्या जागी ठेवाव्यात, गाडीच्या काचेजवळ नकोत. पिशवीवर उत्पादनाची तारीख असावी आणि जुना माल आधी वापरावा. प्रत्येक खेपेतल्या काही पट्ट्या वाकवून, ओढून आणि तुमच्याच कटरने कापून पाहाव्यात. नवी पट्टी जुन्या कटरच्या जबड्यात शिरत नाही, हे बंदोबस्ताच्या दिवशी कळायला नको. तिसरे, कापलेली पट्टी पुन्हा वापरायची नाही आणि न कापता खटका उचलून काढलेलीही नाही, कारण तिचे दाते झिजलेले असतात. रक्त लागलेली पट्टी जैववैद्यकीय कचऱ्यात जावी, आणि जखमेबद्दल तक्रार असेल तर ती पुरावा म्हणून वेळेच्या नोंदीसह जपून ठेवावी. चौथे, कटरची पातीही बोथट होतात, त्यांच्या बदलीची तरतूद अंदाजपत्रकात हवी.

प्रशिक्षण संस्थांना विनंती अशी की हा विषय किमान अर्ध्या दिवसाचा करा. सरावासाठी पुन्हा उघडता येणाऱ्या पट्ट्या मिळतात. पण प्रत्येकाने काही खऱ्या पट्ट्याही प्रशिक्षकासमोर बांधून कापाव्यात : आधी गुंडाळलेल्या टॉवेलवर, मग पाणी भरून फुगवलेल्या रबरी हातमोज्यावर. हातमोजा न फोडता पट्टी निघाली तरच प्रशिक्षणार्थी उत्तीर्ण. अंधारात, हातमोजे घालून, आवाजात, असेही करून घ्यावे. परीक्षेत बांधण्याला जेवढे गुण, तेवढेच तपासण्याला आणि कापण्याला असावेत. वर्षातून एकदा उजळणी व्हावी.

बंदोबस्ताच्या लेखी आदेशात यापुढे पुढील तपशील असावा, अशी आमची मागणी आहे : किती पट्ट्या दिल्या, किती कटर दिले आणि कोणाला, तपासणीच्या वेळा, पोहोचण्याच्या ठिकाणी पट्ट्या कापणाऱ्या दोघांची नावे, आणि परत आलेल्या न वापरलेल्या पट्ट्यांची संख्या. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या 1979 च्या आचारसंहितेचे सहावे कलम ताब्यातल्या व्यक्तीच्या आरोग्याची पूर्ण जबाबदारी पोलिसांवर टाकते. वरचा तपशील लिहायला एक पान पुरते. पुढच्या बंदोबस्ताच्या आदेशापासूनच ते जोडावे आणि ज्या पथकात पट्ट्या बाळगणाऱ्या प्रत्येकाकडे कटर नाही, त्याच्या पट्ट्या कटर मिळेपर्यंत भांडारात जमा कराव्यात.

आपले,
अटक-तंत्राचे प्रशिक्षक आणि ताब्यातल्या व्यक्तींची तपासणी करणारे डॉक्टर